बॅले बघताना तुम्ही कुठे बसलात? तिकीट, जागा आणि दिसलेलं-निसटलेलं (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. लंडनला जाणार आहे, रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये 'स्वान लेक' बघायचाय, जागांचा नकाशा उघडून तासभर बसलीये आणि काही सुचत नाहीये. ऑर्केस्ट्रा स्टॉल्स, स्टॉल्स सर्कल, ग्रँड टियर, बाल्कनी, अँफिथिएटर, स्लिप्स, ही सगळी तिथल्या वेगवेगळ्या भागांतल्या जागांची नावं. एकाच संध्याकाळच्या एकाच प्रयोगाला इतके वेगवेगळे दर का, आणि स्वस्तातलं घेतलं तर नक्की काय गमवावं लागेल, हे तिला कोणी सांगत नव्हतं.

तिला जे सांगितलं ते इथे लिहिते. माझा पहिला बॅले मी अगदी पुढच्या रांगेतून पाहिला. वर्षभर पैसे साठवले होते, तेव्हा जितकं जवळ तितकं चांगलं असं मनात पक्कं होतं. पडदा उघडला आणि कळलं की रंगमंचाची कडा माझ्या डोळ्यांच्या जवळजवळ रेषेत आहे. नर्तकी मागच्या बाजूला गेल्या की त्यांची पावलं दिसेनाशी व्हायची. हंसांच्या रांगांवर रांगा येत होत्या म्हणे. मला दिसली ती एकच रांग, बाकीच्या तिच्यामागे झाकलेल्या. पुढच्या वर्षी त्याच बॅलेला कॉव्हेंट गार्डनच्या (म्हणजे रॉयल ऑपेरा हाऊसच्याच) अँफिथिएटरमध्ये, सगळ्यात वरच्या मजल्यावर, मधोमध बसले. तिकीट पहिल्याच्या पाव किमतीचं. चेहरे पुसट दिसत होते, पण त्या रांगा एकमेकींतून जाताना, वळताना, तिरप्या होताना पहिल्यांदा दिसल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. तोवर मी 'स्वान लेक' पाहिलाच नव्हता असं वाटलं.

माझं मत तेव्हापासून ठाम आहे. बॅलेला उंची नडत नाही, कोन नडतो. ऑपेराला बाजूची, खांबाआडची जागा घेतली तरी आवाज पोचतो, डोळे मिटूनही निम्म्याहून जास्त पदरात पडतं. बॅलेत जे दिसलं नाही ते गेलंच. म्हणून ऑपेराप्रेमींचा 'कुठेही बसा हो' हा सल्ला बॅलेच्या तिकिटाला लावू नका.

तुम्ही कुठे बसलात, किती मोजलेत, काय दिसलं, काय हुकलं, ते मोकळेपणाने लिहा.

* * *

व्हिएन्ना, उभ्याने.

दहाएक वर्षांपूर्वी मी तिथे शिकत होतो. तेव्हा व्हिएन्ना स्टेट ऑपेरात उभ्याच्या जागा खाली पार्टेरमध्ये (तळमजल्यावर) चार युरो आणि वर बाल्कनी-गॅलरीत तीन युरोला मिळत. नंतर दर वाढले, पण बसायच्या तिकिटांच्या मानाने अजूनही कमीच आहेत. पार्टेरमधली ही जागा मधल्या मुख्य बॉक्सच्या बरोबर खाली आहे, म्हणजे रंगमंचाच्या थेट समोर. पायऱ्यापायऱ्यांची रचना आणि प्रत्येक पायरीला टेकायला कठडा. तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने तेव्हा कदाचित तुमच्या तीसपट, चाळीसपट पैसे दिलेले असत आणि त्याला दिसे ते जवळपास तेच.

किंमत पैशात नाही, वेळात मोजावी लागे. लोकप्रिय प्रयोगाला दोन-तीन तास आधी रांगेत उभं राहायचं. आत सोडलं की आपल्या जागेवरच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा. बांधला की ती जागा तुमची, मग बाहेर फिरून या, कोणी हात लावत नसे. माझ्याकडे त्या कामासाठी एक निळा स्कार्फ होता, अजून जपून ठेवलाय.

रांगेतली मंडळी हाच खरा खजिना. वीस-वीस, तीस-तीस वर्षं उभ्याने बघणाऱ्या आजीबाई. कोणती नर्तकी आज कशी नाचेल, कोणाचा घोटा नुकताच बरा झालाय, सगळं त्यांना ठाऊक. त्यांच्यातल्या एकीनेच मला सांगितलं की १९६४ साली याच रंगमंचावर नर्तक नुरेयेव आणि नर्तकी मार्गो फॉन्टेन यांनी 'स्वान लेक' केला, तेव्हा टाळ्या थांबेनात आणि ८९ वेळा पडद्याबाहेर यावं लागलं. सांगताना तिचा आवाज कापत होता.

तीन अंकी बॅले उभ्याने बघायचा तर बूट चांगले घाला, एवढंच सांगेन.

* * *

वरच्या ताईंचं 'कोन नडतो' हे वाक्य मी स्वतः पैसे देऊन शिकलेय.

थिएटरचं नाव लिहीत नाही. जुनं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, लाल मखमल, सोनेरी नक्षी. मला बॉक्समध्ये बसायचंच होतं. बाजूच्या बॉक्समधलं तिसऱ्या रांगेतलं तिकीट स्वस्त दिसलं, घेऊन टाकलं. 'मर्यादित दृश्य' असं बारीक अक्षरात होतं. मला वाटलं, एखादा कोपरा दिसणार नाही. प्रत्यक्षात पुढच्या दोन रांगांतल्या चार डोक्यांच्या फटीतून रंगमंचाचा एक तृतीयांश भाग दिसत होता, तोही उभं राहिल्यावर.

आणि बॅले कोणता, तर 'ला बायादेर'. नृत्यरचनाकार पेतिपाने १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये बसवलेला, कल्पनेतल्या भारतात घडणारा. नायिका निकिया ही देवळातली नर्तकी. त्यातला सावल्यांच्या राज्याचा प्रवेश पाहण्यासाठीच मी गेले होते. पांढऱ्या वेषातल्या नर्तकी एका उतारावरून एकामागून एक खाली येतात, प्रत्येक जण तेच अराबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागे सरळ ताणायचा) करते, पुन्हा दोन पावलं, पुन्हा तेच, आणि असं करत करत २४ किंवा ३२ जणींनी रंगमंच भरून जातो. त्या उताराचं वरचं टोक नेमकं माझ्या बाजूला होतं. पहिली सावली मला दिसली तेव्हा ती अर्धा उतार उतरून आली होती. सुरुवातीची ती क्षणभराची रिकामी जागा आणि मग अंधारातून उमटणारी पहिली आकृती, ते मला मिळालंच नाही.

नंतर विचार केला तेव्हा भूमिती समजली. नालेच्या डाव्या बाजूला बसलात तर रंगमंचाची डावी बाजू जाते, उजवीकडे बसलात तर उजवी. आपल्या बाजूचं आपल्याला दिसत नाही, समोरच्या बाजूचं मात्र विंगेच्या आतपर्यंत दिसतं. समोरच्या विंगेत एक नर्तकी प्रवेशाआधी बुटाची रिबन पुन्हा पुन्हा चाचपत होती, तेवढं मला छान दिसलं. ते दृश्य अजून आठवतं, खोटं कशाला बोलू.

ही बांधणी ज्या काळातली, त्या काळात बॉक्समध्ये लोक एकमेकांना दिसायला बसत. पॅरिसचं पॅले गार्निए बघा. १८७५ साली उघडलं, आणि त्याचा तो भव्य जिना म्हणजेच एक रंगमंच आहे. समोरच्या बॉक्समध्ये कोण आलंय हे नीट दिसावं असाच त्या नालेचा आकार आहे. नाच बघायला येणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच जागा निवडावी. बॉक्स घ्यायचाच तर पहिली रांग, आणि रंगमंचापासून जितका लांबचा, म्हणजे मध्याकडे सरकलेला, तितका चांगला.

* * *

ज्यांना उंचीवर गरगरतं त्यांच्यासाठी दोनच ओळी. जुन्या थिएटरांचे वरचे मजले फार उभ्या चढाचे असतात आणि कठडा गुडघ्यापर्यंतच असतो. मी पहिला अंक डोळे मिटून काढला. आता खालच्या मजल्यावरची मागची रांग घेते. वरच्या मजल्याच्या सज्जामुळे नेपथ्याचा माथा कापला जातो, नाच सगळा दिसतो.

* * *

मी कथक शिकलेली, त्यामुळे माझी नजर आधी पायांवर जाते आणि लगेच चेहऱ्यावर. म्हणून जवळच्या जागेची बाजू मांडते.

'गिझेल' मी दोन वेळा पाहिला, एकदा पाचव्या रांगेतून आणि एकदा वरून. १८४१ सालचा पॅरिसचा बॅले. पहिल्या अंकाच्या शेवटी गिझेलला कळतं की आपण ज्याला साधा गावकरी समजत होतो तो सरदार आहे, दुसरीशी वाग्दत्त आहे, आणि तिला वेड लागतं. केस मोकळे, मघाशी आनंदात केलेल्याच पदन्यासाचे तुकडे ती आठवून आठवून करते, चुकते, थांबते. हे पाचव्या रांगेतून पाहिलं तेव्हा तिचे ओठ थरथरताना दिसत होते. तिचा श्वास ऐकू येत होता. पॉइंट शूजची, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायच्या कडक बुटांची, टकटकसुद्धा. वरून बघताना तोच प्रसंग मला एका लहानशा आकृतीची धावपळ वाटला.

दुसऱ्या अंकात उलट झालं. विलींच्या (लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांच्या) दोन रांगा अराबेस्कमध्ये उड्या घेत एकमेकींतून आरपार जातात, ते वरूनच बघावं. खालून तो नुसता पांढऱ्या कापडाचा गोंधळ दिसतो.

तेव्हा आधी बॅले कोणता ते बघा. नृत्यरचनाकार मॅकमिलनचा 'रोमिओ अँड ज्युलिएट' किंवा 'मॅनॉन' असेल, जिथे दोन माणसांमधलं सगळं चेहऱ्यावर आणि पाठीच्या कण्यात चाललेलं असतं, तर पैसे जवळच्या जागेवर घाला. मात्र पहिल्या तीन रांगा सोडाच, पावलं कापली जातात. मोठ्या समूहाचा बॅले असेल तर वर जा आणि चांगली दुर्बीण न्या. चेहऱ्यासाठी क्षणभर लावायची, समूह आला की खाली ठेवायची. मी सुरुवातीला पूर्ण वेळ लावून बसायचे आणि अर्धा बॅले हुकायचा.

* * *

पॅरिसला जाणाऱ्यांसाठी. बहुतेकांना गार्निएच हवं असतं, चित्रकार शागालने १९६४ साली रंगवलेलं छत बघायचं असतं. जरूर बघा. पण नाच नीट दिसायला हवा असेल तर बास्तीयचा, म्हणजे तिथल्या दुसऱ्या ऑपेरागृहाचा, विचार करा. १९८९ सालची इमारत, सुमारे २,७०० जागा, आणि सगळ्या रंगमंचाकडे तोंड करून. सौंदर्य नाही, नक्षी नाही, करड्या दगडाचं मोठं दालन. नुरेयेवने १९८४ साली पॅरिससाठी केलेला 'स्वान लेक' मी तिथे दुसऱ्या बाल्कनीतून पाहिला. खूप लांबून, पण कुणाचंही डोकं मध्ये न येता. माझ्या शेजारी एक विद्यार्थी होता. त्याने सांगितलं की २८ वर्षांखालच्यांसाठी पहिल्या प्रयोगाच्या आधीचे खास प्रयोग असतात आणि तिथलं तिकीट तेव्हा तो दहा युरोला काढायचा. तिकडे शिकणारी मुलं घरात असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

* * *

न्यूयॉर्कला लिंकन सेंटरमध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेचं जे थिएटर आहे (१९६४ सालचं, आता डेव्हिड कोक थिएटर म्हणतात) तिथल्या चौथ्या रिंगमधून, म्हणजे वरच्या सज्जातून, मी 'सेरेनाड' पाहिला. पडदा उघडतो तेव्हा १७ जणी निळसर प्रकाशात उभ्या असतात, एक हात वर केलेला. खालून ती गर्दी दिसते. वरून दिसतात दोन चौकटी, पत्त्यातल्या चौकटसारख्या, एका टोकाशी जोडलेल्या. नृत्यरचनाकार बॅलन्चिनने १९३४ साली हे विद्यार्थिनींवर बसवलं आणि तालमीला एक जण उशिरा आली, एक जण पडली, तेही रचनेत घेतलं. ती उशिरा येणारी मुलगी रांगांमधून आपली जागा शोधते, तेव्हा वर बसलेल्या माणसाला तिची रिकामी जागा तिच्या आधी दिसते. चौथ्या रिंगमध्ये बसल्याचा मला त्या क्षणी फार आनंद झाला.

* * *

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनो, वरच्या कुठल्याही मजल्याची पहिली रांग घेताना जपून. मोठ्यांना ती उत्तम, पण सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांसमोर नेमका कठड्याचा दांडा येतो. 'नटक्रॅकर'ला माझी लेक पूर्ण पहिला अंक मान तिरकी करून बसली होती, आणि पुढे वाकलं तर मागच्यांना दिसत नाही म्हणून तिला सारखं मागे ओढत होते. मध्यंतरात कर्मचाऱ्यांकडून उशी मागून घेतली, मग बरं झालं. आता खालच्या मजल्यावर रांगेच्या टोकाची, मधल्या वाटेलगतची खुर्ची घेते. पुढे कोणी उंच आला तरी वाटेच्या बाजूने दिसतं. डिसेंबरात 'नटक्रॅकर'चे दर सगळीकडेच चढे असतात. आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारचा प्रयोग मिळाला तर तो बघा.

* * *

दरांविषयी. मी लंडनमध्ये राहतो, महिन्यातून एकदा तरी जातो आणि पगार साधाच आहे, म्हणून हे जमवत आणलंय.

'स्वान लेक', 'नटक्रॅकर', 'स्लीपिंग ब्यूटी' यांना गर्दी, त्यामुळे भावही चढा. त्याच खुर्चीचं तिकीट तीन छोट्या बॅलेंच्या संध्याकाळी बरंच उतरतं, आणि नर्तक तेच असतात. मी ज्या बॅलेंचं नावही ऐकलं नव्हतं ते असेच पाहिले आणि आज तेच सर्वांत जवळचे आहेत. दुसरं, रॉयल ऑपेरा हाऊस दर शुक्रवारी दुपारी एक वाजता पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांची काही तिकिटं ऑनलाइन सोडतं. तेव्हा दहा मिनिटं मोकळी ठेवा. तिसरं, प्रयोगाच्या दिवशी परत आलेली तिकिटं. संपलं, शिल्लक नाही असं महिनाभर बघितलेल्या प्रयोगाला मी दुपारी चार वाजता मधली बाल्कनी मिळवलीये.

स्लिप्समधल्या जागा, म्हणजे वरच्या मजल्यांच्या अगदी बाजूला रंगमंचाकडे गेलेल्या, सर्वांत स्वस्त. तिथून आपल्या बाजूचा बराच भाग जातो हे वर कोणी लिहिलंच आहे. मी तिथे दुसऱ्यांदा बघायच्या बॅलेला बसतो. एकदा समोरून सगळं बघितलेलं असतं, मग बाजूने विंगा, वाद्यवृंद, कंडक्टरचे हात बघायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला तिथे कधीच पाठवत नाही.

* * *

माझे वडील ७८ वर्षांचे, कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांना गाण्याच्या कार्यक्रमाला नेणं कधीच सोडून दिलं होतं. मागच्या वर्षी व्हिएन्नात मुलाकडे गेलो होतो, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, 'नाच बघू या, त्याला कान लागत नाहीत.' मुलगा उभ्याची तिकिटं काढणार होता, पण त्यांचे गुडघे. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या मधल्या बॉक्सची पुढची दोन तिकिटं काढली. महाग होती. मी आकडा त्यांना सांगितला नाही.

पडदा उघडल्यापासून त्यांनी कठड्यावर हात ठेवला होता. दुसऱ्या अंकात माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. वाद्यवृंदाचा ठेका त्यांना लाकडातून कळत होता, बोटं त्या लयीत हलत होती. मध्यंतरात मी विचारलं, दिसतंय ना नीट? ते म्हणाले, 'सगळं. त्या चौथ्या रांगेतल्या डावीकडून तिसऱ्या मुलीचा हात दरवेळी जरा उशिरा वर जातो, बघितलंस का?' मी बघितलं नव्हतं. पुढचा अंकभर आम्ही दोघं तिलाच बघत होतो.