सध्या हातात काय आहे, आणि कुठली आवृत्ती?

ठाण्यातल्या वाचनालयांचे सभासद आणि देवघेव खिडकीच्या पलीकडची मंडळी, दोघांसाठी हा धागा. 'अमुक वाचतोय, छान आहे' एवढ्यावर सुटका नाही. आवृत्ती कुठली घ्यावी, कुठे अडतं, प्रत कशी सांभाळावी, ते लिहा.

सभासद, नौपाडा
विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. मागताना संपादकाचं नाव सांगा, नाहीतर हाताला लागेल ती प्रत मिळते. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं ते भाषेवरून हात फिरवून, काही मजकूर गाळून. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ची. मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. प्रस्तावना उघडा, पाठ कुठून घेतला ते तिथे असतं. भटजी वरसईहून निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला आणि सापडले सत्तावनच्या धामधुमीत. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते, म्हणून ती पानं डोळ्यांदेखतची. इतर ठिकाणचं बरंचसं ऐकीव. पण सांगण्याचा ठामपणा दोन्हीकडे सारखाच, तेव्हा 'पाहिलं' आणि 'ऐकलं' यांच्या खुणा वेगळ्या चिठ्ठीवर करत जा. चिठ्ठीवर, पुस्तकात नव्हे!

देवघेव विभाग
लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' कायम बाहेर असतं. मूळ पुस्तक चार भागांचं, पहिला भाग १९३४चा. संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे आणि अनेकजण तीच पूर्ण समजून परत करतात. शीर्षकपानावर 'संक्षिप्त' शब्द आहे का ते आधी बघा.

संदर्भ विभाग
वि. ल. भावे यांचं 'महाराष्ट्र सारस्वत', म्हणजे जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास. भावे ठाण्याचेच, १८९३ साली इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने. शं. गो. तुळपुळे यांची पुरवणी जोडलेली आवृत्तीच मागा. सलग वाचायला घेतलं की ज्ञानेश्वरांपर्यंत पोचायच्या आतच दम लागतो. एक कवी धरायचा, भाव्यांचं प्रकरण वाचायचं आणि लगेच पुस्तकाच्या शेवटी जाऊन पुरवणीत त्याच्याबद्दल पुढे काय हाती लागलं ते बघायचं. दोन बोटं दोन ठिकाणी ठेवून वाचायचं पुस्तक आहे हे.

सभासद, कळवा
कपाटाशी थेट जाता येत असेल आणि ड्यूई वर्गीकरण (विषयवार क्रमांक देऊन पुस्तकं लावायची पद्धत) असेल तर मराठी कविता ८९१.४६१, नाटक .४६२, कथा-कादंबरी .४६३. दाखल क्रमांकाने, म्हणजे पुस्तकं आली त्या क्रमाने लावलेल्या वाचनालयात मात्र यादीच बघावी लागते.

बांधणीकाम करणारा
वरची तिन्ही पुस्तकं जुन्या प्रतीत मिळाली तर थोडं ऐका. कडेने तार टोचलेलं पुस्तक सपाट उघडत नाही. दाबून उघडलंत की पान तारेपाशी तुटतं, आणि खाडीच्या दमट हवेत तार गंजलेली असते ती वेगळीच. तळहाताएवढंच उघडा. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको: चिकट थर कागदात मुरतो, पिवळा पडतो, मग पट्टी गळते आणि डाग राहतो. पान तसंच ठेवून खिडकीवर सांगा; आम्ही पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरतो.

पावसात पिशवीत पुस्तक आणि पाण्याची बाटली शेजारी नको. भिजलंच तर उन्हात किंवा इस्त्रीखाली घालू नका, पानं लाटेसारखी वाकतात. पुस्तक उभं करा, दर दहा-पंधरा पानांनी टीपकागद घाला, पंखा लावा, टीपकागद ओला झाला की बदला. शाईच्या छपाईचं वर्तमानपत्र पानांत घालू नका, शाई उमटते. अर्धवट ओलं पुस्तक कपाटात परत गेलं की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, शेजारच्या पुस्तकांनाही. फोटोंची गुळगुळीत पानं ओली असतानाच एकेक सुटी करून मध्ये कागद घालायचा. एकदा चिकटून वाळली की सोडवताना फोटोच निघून येतो.