2>&1 आधी लिहिलं की नंतर, एवढा फरक का पडतो?

प्रश्न:
टर्मिनलवर चालवायची बॅकअपची एक स्क्रिप्ट आहे, तिचं सगळं आउटपुट फाइलमध्ये जावं म्हणून पुढे > लॉग लावलं तरी एरर स्क्रीनवरच येत राहिले. शोधल्यावर कळलं 2>&1 पण लावायचं असतं, म्हणून 2>&1 > लॉग असं लिहिलं, तर परत तेच! शेवटी उलटं करून > लॉग 2>&1 केलं आणि चाललं. पण का चाललं ते कळलंच नाही. दोन्हीकडे चिन्हं तीच, आणि वाचताना तर पहिलंच बरोबर वाटतं, एरर आउटपुटमध्ये मिसळ आणि मग सगळं फाइलमध्ये टाक. नुसतं पाठ करून ठेवायचं नाहीये, नीट समजून घ्यायचंय.

उत्तर १:
"मिसळ" इथेच गडबड होतेय, 2>&1 काहीच मिसळत नाही. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याला सहसा तीन फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे डेटा आत-बाहेर नेणारे नंबर दिलेले रस्ते, मिळालेले असतात, ० इनपुटचा, १ साध्या आउटपुटचा, २ एररचा. टर्मिनलवर तिन्ही टर्मिनललाच जोडलेले, त्यामुळे १ आणि २ वेगळे आहेत हे डोळ्यांना दिसतच नाही. 2>&1 म्हणजे "१ आत्ता जिथे जोडलेला आहे तिथेच २ पण जोड". आत्ता! नंतर १ कुठेही वळवा, २ त्याच्या मागे जात नाही. प्रोग्रॅममध्ये ब = अ लिहून पुढच्या ओळीत अ बदललं तर ब जुनाच राहतो ना, अगदी तसं.

शेल (टर्मिनलवर टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) हे डावीकडून उजवीकडे करत जातं. तुमच्या पहिल्या ओळीत (2>&1 > लॉग) २ ला १ ची जागा दिली, ती तेव्हा टर्मिनलच होती, आणि मग एकटा १ फाइलकडे गेला. दुसऱ्या ओळीत १ आधी फाइलकडे गेला, मग २ त्याच फाइलला जोडला गेला.

उत्तर २:
वरचं बरोबरच आहे, फक्त एक जोडतो कारण मी यात डेटा घालवलाय. ही सगळी जोडाजोडी कमांड सुरू व्हायच्या आधी शेल करतं, कमांडला > दिसत पण नाही. मी एकदा सॉर्ट यादी > यादी असं केलं, म्हटलं त्याच फाइलमध्ये सॉर्ट होऊन येईल, तर फाइल शून्य बाइटची! शेलने आधी यादी लिहायला उघडली, उघडतानाच ती रिकामी झाली, मग सॉर्ट चालू झालं आणि त्याला वाचायला काही उरलंच नव्हतं. सॉर्टला यासाठी -ओ ऑप्शन आहे, तो त्याच फाइलवर चालतो. तेव्हापासून मी नोक्लॉबर सेट करून ठेवलंय, म्हणजे असलेल्या फाइलवर > मारलं की शेल नकार देतं, खरंच पुसायची असेल तर >| लिहायचं.

प्रश्नकर्ता:
आत्ता डोक्यात शिरलं! म्हणजे सुडो (कमांड रूट म्हणजे अ‍ॅडमिनच्या परवानगीने चालवणारं) लावून एको (दिलेला मजकूर छापणारी कमांड) केलं आणि > ने सिस्टिमच्या फाइलमध्ये लिहायला गेलो की परमिशन डिनाइड येतं, ते पण याच्यामुळेच का?

उत्तर १:
हो, तेच. फाइल उघडतंय तुमचं शेल, तुमच्याच परवानगीने, सुडो फक्त एकोला मिळालं, त्याला तर गरजच नव्हती. एकोचं आउटपुट पाइपने (| हे चिन्ह, एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देतं) सुडो टी ला द्या (टी मिळालेला मजकूर फाइलमध्ये लिहितं), म्हणजे फाइल टी उघडेल आणि टी रूट म्हणून चालत असेल. टी ला -ए (म्हणजे जुन्या मजकुरापुढे जोड) नाही दिलं तर ते पण जुना मजकूर पुसतं, तेवढं सांभाळा.

आणि ती तुमची पहिली ओळ चुकीची म्हणून टाकून देऊ नका हां. पाइप या वळवण्यांच्याही आधी जोडला जातो, त्यामुळे 2>&1 > लॉग | ग्रेप (हव्या त्या ओळी शोधून दाखवणारी कमांड) असं लिहिलं तर २ पाइपला जोडला जातो आणि १ फाइलकडे जातो, म्हणजे ग्रेपकडे फक्त एरर येतात. नुसते एरर गाळून बघायचे असतील तेव्हा मी हेच वापरतो.