‘आजोबा वाटीभर तूप खाऊन ९२ वर्षं जगले’, बरं मग?

कोरडी_भाकर:
काल ती पोस्ट वाचली. ‘आमचे आजोबा वाटीभर साजूक तूप खाऊन ९२ वर्षं जगले, हृदयविकार आणला तो रिफाइंड तेलानं.’ खाली बदामांचा नुसता पाऊस. डोकं उठलं म्हणून लिहितोय.

माझे वडीलही घरच्या म्हशीचंच तूप खात. रिफाइंडचा डबा घरात कधी आला नाही, तेल घाण्यावरचं, शेंगदाण्याचं. ५६व्या वर्षी अटॅक, दोन स्टेंट. तुमचे आजोबा पहाटे मोटेवर आणि दिवसभर औताच्या मागे असत. नातू कोपऱ्यावर दूध आणायला गाडीला किक मारतो आणि आजोबांच्या वारशातली फक्त तुपाची वाटी उचलतो. तुपात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी, शेंगदाणा तेलात साधारण वीस. या चरबीनं एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, हे काल कुठल्या कंपनीनं काढलेलं नाही. आणि जे आजोबा पन्नाशीत ‘छातीत कळ आली आणि गेले’, त्यांच्यावर पोस्ट कोण लिहिणार?

तर्रीबाज:
घ्या, आणखी एक डॉक्टर आले. अहो, यांचं सगळं दर चार वर्षांनी उलटतं. अंड्याचंच बघा. अमेरिकेनं वर्षानुवर्षं सांगितलं, दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल नको. २०१५च्या मार्गदर्शिकेत तो आकडाच गायब! तोवर आमच्या मातोश्रींनी सगळा पिवळा बलक कुत्र्याला घातला. कुत्रा शेवटपर्यंत टुणटुणीत होता.

कोरडी_भाकर:
आकडा काढला, ‘हाणा’ असं नाही म्हटलं. संपृक्त चरबी रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, हेही तिथंच लिहिलंय. तेवढं बरं दिसलं नाही तुम्हाला.

चुलीपाशी:
तुमचं तूप-तेल चालू द्या. मिस्टरांची बायपास झाली तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला. मीठ कमी, तळण बंद, पापड-लोणचं बंद. कागद दिला त्यांच्या हातात, वाचायचा मी. चार वर्षं झाली, रोज दोन आमट्या आणि दोन भाज्या. सासूबाईंना अळणी चालत नाही, मुलाला झणझणीत लागतं. आणि मिस्टर? घरात गुणी बाळ, रविवारी मित्रांबरोबर मिसळ, वर जादा कट. रिपोर्ट बिघडला की सगळे बघतात माझ्याकडे.

तर्रीबाज:
ताई, मिसळीला नावं ठेवायची नाहीत. मटकी आहे. मोड आलेली आहे.

संत्र्याची_फोड:
मटकी किती आणि फरसाण किती, ते सांगा की राव. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक लहान चमचा. त्यात पाव आला, फरसाण आलं, पापडसुद्धा आला. तुमच्या एका प्लेटीत किती संपतं, ते मोजा कधीतरी.

निवृत्त_मास्तर:
मूळ मुद्दा भरकटतो आहे. दोन आमट्या हे चोचले आहेत. पथ्य सबंध घरानं पाळायचं असतं. आमच्या वेळी बायका तक्रार करत नसत.

चुलीपाशी:
मास्तर, ‘घरानं’ म्हणजे कोणी? तुमच्याकडे चूल काय घर पेटवत होतं? फुकटचे सल्ले द्यायला काय जातंय!

संत्र्याची_फोड:
+१. हे ‘आमच्या वेळी’ प्रकरण एकदा बंद करा.

निवृत्त_मास्तर:
भाषा सांभाळा. माझी पत्नी २०१९ साली हृदयविकारानंच गेली. दोन दिवस मळमळत होतं, पाठ दुखत होती. आम्ही पित्त समजलो, सोडा दिला. माझ्या रक्तदाबासाठी तिनं बारा वर्षं मोजून मीठ घातलं. स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलंसुरलं. तिच्यासाठी कागद कोणी आणला नाही. तक्रार करत नव्हती हे खरंच आहे. ते चांगलं होतं असं मी म्हटलेलं नाही. म्हटलं असेल तर मागे घेतो.

तर्रीबाज:
मास्तर, वाईट झालं.
बरं भाकरसाहेब, तूप वाटीवरून चमच्यावर आणलं. झालं समाधान? कट मात्र सुटणार नाही.

कोरडी_भाकर:
चमच्याला माझा विरोध कधी होता? वडील आजही वरणभातावर एक चमचा घेतात. आई मोजून वाढते.

चुलीपाशी:
‘आई मोजून वाढते.’ असो.

निवृत्त_मास्तर:
ताई, एक विचारू? कमी मिठाची आमटी तोंडाला लागावी म्हणून तुम्ही काय घालता? माझी पाण्यासारखी होते.

चुलीपाशी:
कोण करतं?

निवृत्त_मास्तर:
मीच. दुसरं कोण आहे.

चुलीपाशी:
मग लिहून घ्या. वाटीभर डाळीला दोन आमसुलं, फोडणीत लसूण जरा सढळ हातानं. मीठ गॅस बंद केल्यावर, पाव चमचाच. पानात वाढल्यावर लिंबू पिळा, आधी नको, कडवट होते.