जंतूंच्या हाती औषध द्यायचं का?

आडवाट:
जंतूंच्या जनुकांत फेरफार करायचे आणि त्यांच्याकरवी कर्करोगाच्या गाठीत औषध पोचवायचं, या कल्पनेवर ‘वा, काय डोकं!’ म्हणणारे बरेच भेटले. मी त्यांच्यात नाही. किळस वगैरे सोडा, माझा आक्षेप डोसाला आहे. 500 मिलिग्रॅमची गोळी पोटात गेल्यावर कमीच होत जाते. जंतू वाढतात. सगळं मनासारखं मिळालं तर ई. कोलाय साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. डॉक्टर टोचणार एक आकडा, आत असणार भलताच! शिवाय घातलेलं जनुक जंतूला ओझंच. ज्याने ते टाकलं तो जोमाने वाढतो. शेवटी गाठीत उरायचे ते फुकटे भाडेकरू.

सूक्ष्मदर्शी:
साफ असहमत. वाढतात म्हणून तर उपयोग! मोठ्या गाठीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या धड नसतात, प्राणवायू जेमतेम. केमो रक्तातूनच येणार, त्यामुळे गाभ्यापर्यंत पुरेशी पोचतच नाही. रोगप्रतिकारक पेशीही तिथे दबलेल्या. काही जंतूंना नेमकी अशीच जागा मानवते.

आणि डोसाचाही विचार झालाय. 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेली युक्ती बघा. प्रत्येक जंतू एक रेणू बाहेर सोडत राहतो. गर्दी विरळ असली की तो विरून जातो, दाटली की साठतो. ठरावीक पातळी ओलांडली की स्वतःला फोडणारं जनुक सगळ्यांत एकदमच चालू होतं. बहुतेक फुटतात, आतलं औषध तिथेच सांडतं. मूठभर वाचतात, वाढतात, परत फुटतात.

आडवाट:
उंदरांत ना?

सूक्ष्मदर्शी:
हो, उंदरांत.

आडवाट:
मग माणसांचं ऐका. व्हीएनपी20009 नावाचा दुबळा केलेला सॅल्मोनेला. उंदरांत यकृताच्या हजारपट जंतू गाठीत सापडले होते. 2002 मध्ये माणसांवरच्या चाचणीचे निकाल आले: 24 जण मेलानोमाचे, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाचे, एक मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा. शिरेतून दिल्यावर गाठीत जंतू सापडले तिघांच्या. गाठ आक्रसली शून्य जणांची.

कूस_बदला:
तुम्ही दोघं प्रयोगशाळेतच अडकलात. मूत्राशयाच्या अस्तरातल्या कर्करोगावर बीसीजी देतात, तो जिवंत जंतूच आहे, आणि अमेरिकेत त्याला 1990 पासून मान्यता आहे. माझ्या काकांची गाठ आधी दुर्बिणीतून खरवडून काढली, मग आठवड्याला एक असे सहा डोस. नळीतून औषध आत सोडायचं, दोन तास लघवी रोखून धरायची, मधूनमधून कूस बदलायची. घरी आल्यावर सहा तास दर लघवीनंतर भांड्यात ब्लीच ओतायचं, ते काम माझ्याकडे. दुसऱ्या डोसाला थंडी वाजून ताप आला, जळजळ तर विचारू नका. पण सहाही घेतले.

आडवाट:
काकांना दाद देतो. पण बीसीजी जनुकं बदललेला नाही आणि तो कुठलं औषधही वाहून नेत नाही, तिथे प्रतिकारशक्तीला डिवचतो. शिवाय मूत्राशय म्हणजे बंद पिशवी. यकृतातल्या गाठीला नळी कुठून लावणार?

शंकेखोर:
एक खडा मीही टाकतो. या कामात सर्रास वापरतात तो ई. कोलाय निसल 1917. पहिल्या महायुद्धात आजूबाजूचे जुलाबाने आजारी पडत असताना ठणठणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या आतड्यातून तो मिळाला. गरीब जंतू म्हणून ख्याती. पण हाच निसल कोलिबॅक्टिन बनवतो, जे पेशीच्या डीएनएला इजा करतं. कर्करोगावर पाठवायचा दूत हा असा!

सूक्ष्मदर्शी:
मुद्दा रास्त. मात्र ती जनुकं बंद केलेले निसल बनवून झालेत. आणि काही बिनसलंच तर अँटिबायोटिक आहेच.

आडवाट:
थांबा थांबा. गाभ्यात केमो पोचत नाही म्हणून जंतू पाठवले. मग तिथे अँटिबायोटिक कसं पोचणार?

सूक्ष्मदर्शी:
(बराच वेळ विचार करून लिहितोय.) गाभ्यातले मारायची घाई नाही, रक्तात उतरलेले मेले तरी पुष्कळ. तेवढ्याने समाधान होत नसेल तर जंतूला पांगळा करतात. निसलच्याच एका प्रकाराला दोन पोषक घटक स्वतः बनवता येत नाहीत आणि शरीरात ते पुरेसे मिळत नाहीत, म्हणून तो तिथे वाढूच शकत नाही. थेट गाठीत टोचून त्याची माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणीही झालीय. जेवढा टोचला तेवढाच डोस. झालं समाधान?

आडवाट:
माझं झालं. पण ‘वाढतात म्हणून तर उपयोग’ हे तुमचंच वाक्य ना?

सूक्ष्मदर्शी:
माझंच. तो वाढत नसला तरी मरेपर्यंत औषध बनवत राहतो, एवढं पुरतं का ते बघायचंय.