'विविधता', 'वैविध्य' आणि एका ऑनलाइन पाठाचे शीर्षक

(बोलणाऱ्यांना येथे बडोद्यातील ठिकाणांची नावे दिली आहेत.)

दांडियाबाजार : विद्यापीठात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या एका ऑनलाइन पाठाचा मराठी अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. जात, भाषा, लिंगभाव, अपंगत्व यांवरून वर्गात आणि वसतिगृहात होणारा दुजाभाव हा त्याचा विषय. 'डायव्हर्सिटी एज्युकेशन'साठी मी 'विविधता शिक्षण' असे लिहिले होते. तपासनिसांनी ते खोडून 'वैविध्यता शिक्षण' केले. 'वैविध्य' हेच भाववाचक नाम असताना त्याला 'ता' जोडणे म्हणजे पागोट्यावर टोपी घालणे होय. मात्र माझे शीर्षक वाचून भाचीनेही विचारले, "मावशी, यात निरनिराळे विषय शिकवतात का?" मग लिहावे तरी काय?

रावपुरा : ताई, 'ऐक्यता'ही व्याकरणाला धरून नाही, तरी जुन्या मराठीत ती सापडतेच. रुळले ते शुद्ध, असे मी मानतो. मला खटकतो तो 'ऑनलाइन'; तेथे 'आभासी' का नको?

मांडवी : आभास म्हणजे नसलेले असल्यासारखे वाटणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून पूर्ण करता येतात, आणि त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) काही आभासी नसतात. 'दूरस्थ'ही येथे चालणार नाही, कारण आयोगाच्या 2020 च्या नियमावलीत दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन वेगळे प्रकार आहेत. 'ऑनलाइन' राहू द्यावे.

सुरसागर : मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर ऐकून वाचतो. अशाच एका पाठाचे शीर्षक चित्र म्हणून टाकलेले होते आणि त्याचे वर्णन कोणी भरलेच नव्हते, त्यामुळे माझ्या कानी केवळ 'प्रतिमा' एवढाच शब्द पडला. तरीही त्या पाठाने एक मोठे काम केले. छोटाउदेपूरकडचा आमचा एक राठवा आदिवासी सहाध्यायी, उच्चारांना मुले हसतात म्हणून वर्गात कधी तोंड उघडत नसे. लेखी चर्चेत मात्र सर्वांत लांब उत्तरे त्याचीच असत.

दांडियाबाजार : माझ्याकडील पाठात अशी चर्चा नाहीच. शेवटी दहा प्रश्न आहेत आणि बहुतेकांत सर्वांत लांब पर्याय हाच बरोबर, हे अनुवाद करतानाच माझ्या लक्षात आले. न वाचताही उत्तीर्ण होता येईल!

खंडेराव : 'विविधता' हा शब्द मला फार गुळचट वाटतो, तो बागेतील फुलांना शोभतो. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1917 मध्ये नोकरीसाठी याच बडोदे शहरात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. दप्तरात प्रवेश होता, घरात नव्हता. 'प्रवेश' आणि 'समावेश' दोन्ही 'विश्' धातूचे, पण 'समावेश'मधला 'सम्', म्हणजे 'एकत्र', आपण नेहमी विसरतो. म्हणून 'समावेशाचे शिक्षण' लिहावे.

रावपुरा : सुंदर! आपले 'सामावणे' या 'समावेश'वरूनच आले असणार.

मांडवी : काका, ही व्युत्पत्ती घरगुती दिसते. 'मावणे' हे 'मा' म्हणजे मोजणे या धातूकडे जाते आणि 'सामावणे'चे नाते त्याच्याशी आहे. 'विश्'शी त्याचा संबंध नाही.

रावपुरा : आमच्या आजी पंगतीत ऐनवेळी पाहुणा आला की "सरका, मावेल एक पान" असे म्हणत. त्यांनी कोणता धातू मोजला होता?

सुरसागर : आजींच्या वाक्यात 'सरका' महत्त्वाचे आहे. शीर्षकात 'समावेश' आले की ज्याला आत घ्यायचे तोच डोळ्यांपुढे राहतो. ज्यांनी सरकायचे ते आपण या पाठाचे विद्यार्थी आहोत असे मानतच नाहीत.

खंडेराव : मग 'भेदभावाविषयी' असे सरळ का लिहू नये?

मांडवी : कारण मूळ शब्द तसा नाही. अनुवादकाने पाठाचा हेतू बदलू नये.

रावपुरा : आणि 'मावणे'चे काय ठरले? पुरण पोळीत मावते, तेथे मोजमाप कसले?

दांडियाबाजार : सोमवारी मला शीर्षक कळवायचे आहे. तूर्त 'विविधतेविषयी' एवढेच लिहून पुढचा शब्द कोरा सोडला आहे.

मांडवी : काका, पुरणाचेही मापच असते, जास्त झाले की पोळी फुटते.