'स्टिल लाइफ'ला काय म्हणायचं: स्थिरचित्र, वस्तुचित्र की आणखी काही?

मूळ प्रश्न
चित्रकलेच्या इतिहासावरचा एक लेख अनुवादित करतेय आणि 'स्टिल लाइफ'पाशी, म्हणजे फळं, फुलं, भांडी अशा वस्तू समोर मांडून काढलेल्या चित्रापाशी, अडले आहे. सवयीने 'स्थिरचित्र' लिहिलं आणि खोडलं. चित्र स्थिरच असतं की! 'स्थिर' लागायला हवं वस्तूंना, ते चिकटतंय चित्राला. शिवाय कॅमेऱ्याने टिपलेल्या फोटोलाही काही जण हाच शब्द वापरतात. 'स्थिर जीवन' तर लिहवत नाही, कुणाला तरी निवृत्तिवेतन सुरू झाल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद
समास दोन प्रकारे सुटतो. 'स्थिर असे चित्र' हा कर्मधारय तुम्हाला खटकतोय, पण 'स्थिरांचे चित्र' असा षष्ठी तत्पुरुषही होतो. व्यक्तिचित्र म्हणजे व्यक्तीचं चित्र, तसंच हे. चित्रकलेच्या परीक्षांमुळे शब्द रुळलाय, राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ती
समास सोडवत वाचणारे वाचक मला मिळाले तर सोन्याहून पिवळं!

प्रतिसाद
मुळाशी गेलं तर 'जीवन' आपोआप गळून पडतं. इंग्रजी शब्द आला डच 'स्टिललेव्हन'वरून. तो सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाला. त्याआधी तिथे एकच एक नाव नव्हतं. न्याहारीचं चित्र, मेजवानीचं चित्र, फुलांचं चित्र असं जे दिसेल त्यावरून म्हणत. चित्रशाळेच्या बोलीत 'लेव्हन'वरून (शब्दशः जीवनावरून) काढणं म्हणजे नमुना समोर ठेवून काढणं. तेव्हा 'स्टिललेव्हन' म्हणजे न हलणारा नमुना. त्यात 'निःशब्द जीवन' वगैरे काव्य नंतरच्यांनी भरलं. (ते वाईटच असं नाही. इटालियन चित्रकार दे किरिको याला 'मृत निसर्ग' या अर्थाचा रूढ शब्द खुपायचा, त्याने 'मूक जीवन' हाच शब्द उचलून धरला.)

फ्रेंचांचा 'नात्यूर मोर्त', म्हणजे मृत निसर्ग, अठराव्या शतकातला. त्यात जरा तुच्छताही ऐकू येते, आणि तिला इतिहास आहे. 1667 मध्ये फ्रेंच कलालेखक फेलिबियांने चित्रविषयांची उतरंड लावली, तीत फळं-शिंपले रंगवणारे तळाशी आणि माणसं रंगवणारे वर. चित्रकार शार्दां 1728 मध्ये फ्रान्सच्या चित्रकला अकादमीत आला तोही प्राणी आणि फळं रंगवणारा म्हणून. त्या वेळी दिलेल्या दोन चित्रांपैकी एकात पोट फाडून आकड्याला टांगलेला पाकट मासा आहे, आणि शेजारी पाठीची कमान करून उभं जिवंत मांजर. आता त्याला 'मृत' म्हणा नाहीतर 'स्थिर'!

स्पॅनिश 'बोदेगोन' हा आणखी वेगळा. तो 'बोदेगा'वरून, म्हणजे तळघर किंवा कोठार. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझच्या 1618 च्या बोदेगोनमध्ये एक म्हातारी चक्क अंडी तळतेय. म्हणून बोदेगोनला सरसकट स्थिरचित्र म्हणू नका. लेखात आला तर तसाच ठेवा.

प्रतिसाद
मी रंगवणारा माणूस, व्याकरण तुमचं तुम्ही बघा. आमच्या तोंडी 'स्टिल लाइफ लावलंय' हेच असतं. चित्र काढायच्या आधी ते लावावं लागतं. मागचं कापड, त्याच्या चुण्या, एक उंच बाटली, तिला तोलणारं काहीतरी बुटकं, आणि उजेड एकाच बाजूने. निम्मं चित्र तिथेच ठरतं. नवशिके वस्तू सुट्या सुट्या रंगवतात, दोन वस्तूंमधल्या रिकाम्या जागेचा आकार बघत नाहीत. इटालियन चित्रकार मोरांदीने त्याच त्या बाटल्या नि डबे आयुष्यभर हलवून हलवून लावले ते उगाच नाही.

बाकी 'स्थिर' काहीही नसतं. खिडकीचा उजेड असला तर तासाभरात सावली सरकते, सफरचंद सुरकुततं, फुलं माना टाकतात. जुना फुलांचा चित्रकार बोस्खार्ट, त्याच्या फुलदाण्यांत तर वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकत्र दिसतात. अशी फुलदाणी एका वेळी समोर असणंच शक्य नाही! माझी सूचना: मांडणीचित्र.

प्रतिसाद
शब्द छान, पण 'मांडणशिल्प' आधीच इन्स्टॉलेशनला, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीला, दिलाय. वाचक घोळ करतील.

मूळ प्रश्नकर्ती
ठरलं. प्रकाराचं नाव म्हणून 'वस्तुचित्र', पहिल्या उल्लेखात शेजारी 'स्टिल लाइफ', आणि फ्रेंच, स्पॅनिश शब्द जिथे त्यांच्यावरच चर्चा आहे तिथे जसेच्या तसे. 'मांडणी' मात्र पळवतेय, रचनेबद्दलच्या परिच्छेदात ती हवीच होती. शार्दांच्या चित्राखाली फक्त 'पाकट मासा' एवढंच लिहीन. मांजराला वस्तू म्हणवत नाही.