मदत हवी आहे: माकडतापावरील पीएच.डी. संशोधनात रक्तनमुने घ्यावेत की घेऊ नयेत?

निरभ्र

नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएच.डी. करत आहे. क्यासानूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच माकडताप, हा माझा विषय असून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग आणि सावंतवाडी हे तालुके मी अभ्यासासाठी निवडले आहेत. आराखडा विभागाच्या संशोधन समितीपुढे ठेवण्याआधी एका निर्णयावर गाडी अडली आहे. वैद्यक, कीटकशास्त्र किंवा संख्याशास्त्र यांपैकी कोणत्याही क्षेत्रातील सभासदांनी मत दिल्यास मोठी मदत होईल.

विषयाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासानूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तीव्र तापाचे रुग्ण आढळले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. तो प्रामुख्याने हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या गोचिडीतून पसरतो आणि काळ्या तोंडाची वानरे व लाल तोंडाची माकडे त्याला सहज बळी पडतात. माणसापासून माणसाला तो होत नाही. कित्येक दशके हा रोग शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांपुरताच आहे असे मानले जात होते. पुढे 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर परिसरात आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा भागात त्याचे उद्रेक झाले. सत्तरीतील उद्रेकात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झालेली लागण विशेष लक्षात आली होती.

माझा मूळ प्रश्न याच काजूशी संबंधित आहे. माणसाला चावते ती मुख्यतः गोचिडीची अपरिपक्व अवस्था, आणि ती साधारण नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत मुबलक असते. बागेतील गवत काढणे, पातेरा (गळालेली वाळकी पाने) गोळा करणे, मोहोराची राखण आणि नंतर बोंडू (काजूचे फळ) वेचून बी वेगळी करणे ही कामेही नेमकी याच महिन्यांत येतात. शिवाय येथील बागा अनेक ठिकाणी थेट जंगलाला भिडलेल्या आहेत. तेव्हा जोखीम बागेत आहे, जंगलात आहे, की दोन्ही जिथे मिळतात त्या सीमेवर आहे, आणि ती कुठल्या कामाच्या वेळी सर्वांत अधिक असते, हे मला शोधायचे आहे.

आता अडचण. माझे एक सहमार्गदर्शक परदेशी विद्यापीठात आहेत. त्यांच्या मते काही गावांतील काजू कामगारांचे रक्तनमुने घेऊन माकडतापाच्या प्रतिपिंडांची (संसर्गानंतर किंवा लसीनंतर शरीरात तयार होणाऱ्या संरक्षक प्रथिनांची) पाहणी करावी आणि त्यांपैकी काही नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवावेत, कारण तसे केल्याशिवाय जागतिक आरोग्याच्या क्षेत्रातील चांगल्या नियतकालिकात शोधनिबंध स्वीकारला जाणार नाही. येथील मार्गदर्शक मात्र याबाबत साशंक आहेत. मला स्वतःला असे वाटते की उपलब्ध रुग्णनोंदी, माकडांच्या मृत्यूंच्या नोंदी, उपग्रहचित्रांवरून काढलेला जमीनवापर आणि लोकांच्या मुलाखती एवढ्यावरही माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकेल. पण हे मत केवळ परवानग्यांच्या धास्तीपोटी तयार झालेले नाही ना, अशी शंकाही मनात आहे. रक्तनमुने वगळल्यास अभ्यास खरोखरच कमकुवत होईल का? आणि घ्यायचेच ठरवले, तर कोणत्या मान्यता कोणत्या क्रमाने घ्याव्या लागतील?

साकव

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो.

उद्रेकाच्या काळात येथील लोकांनी रक्त दिले ते ताप असताना, निदानासाठी. त्या वेळी तापाच्या पहिल्या काही दिवसांत विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी आणि नंतर आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर लवकर तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते, आणि त्या अहवालाचा रुग्णाला थेट फायदा असतो. विशिष्ट औषध नसले तरी रक्तस्राव, रक्तदाब आणि पाण्याचे प्रमाण यांकडे वेळेवर लक्ष देता येते. आपण मात्र धडधाकट माणसाकडे सुई घेऊन जाणार आणि निकाल आला तर तो काही महिन्यांनी. त्यानंतर कागद हाती पडला नाही, तर पुढच्या डिसेंबरात आशाताई गोचिडीपासून बचावाचे तेल घेऊन गेल्या तरी दार उघडले जाणार नाही. एका पाहणीनंतर हे घडलेले मी पाहिले आहे. कोणाची पाहणी होती ते येथे लिहीत नाही.

आरोग्य यंत्रणेला अभ्यासकांकडून नेमके काय हवे असते तेही सांगतो. कुठल्या वाडीला तेल आधी द्यायचे, कोणत्या आठवड्यात तापाच्या रुग्णांकडे अधिक संशयाने पाहायचे, आणि माकड मेल्याची खबर कुठून येतच नाही, या तीन गोष्टी सांगणारा अभ्यास आम्ही नक्की वाचू.

एक महत्त्वाची बाब मात्र आपल्या आराखड्यात दिसत नाही. दोडामार्ग आणि सावंतवाडीचे गंभीर रुग्ण मोठ्या संख्येने गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. केवळ महाराष्ट्राच्या नोंदी धरल्या, तर राज्याच्या सीमेलगतच्या गावांत रोग प्रत्यक्षाहून कमी भासण्याचा धोका आहे. नेमकी तीच गावे आपल्या प्रश्नाच्या मध्यभागी आहेत.

अणुरेणू

निरभ्र, आपला प्रश्न उत्तम आहे आणि आपली शंकाही रास्त आहे. मी निवृत्त कीटकशास्त्रज्ञ आहे. माझा बहुतेक काळ गोचिडींबरोबर गेला.

प्रथम प्रयोगशाळेविषयी. हा विषाणू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही लागण करणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे. जिवंत विषाणूवरचे काम उच्च जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवे. पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची चौथ्या, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा 2012 च्या अखेरीपासून आहे. विद्यापीठाच्या विभागात हे काम करण्याचा विचारही करू नये. याचा अर्थ असा की रक्त घेतले तरी त्याची चाचणी आपल्या हातात राहणार नाही आणि वेळापत्रक दुसऱ्यांच्या सोयीने चालेल. पीएच.डी.च्या विद्यार्थिनीसाठी ही गोष्ट लहान नाही.

मान्यतांबद्दल. माणसांवरील कोणत्याही अभ्यासासाठी, मग तो केवळ मुलाखतींचा का असेना, संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता हवी. 2019 च्या नियमांनुसार जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे झालेली असावी लागते. आपल्या विद्यापीठाची समिती नोंदणीकृत आहे का ते आजच विचारून घ्या. परदेशी संस्थेचा सहभाग किंवा निधी असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे प्रस्ताव जातो आणि ती प्रक्रिया भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत (आयसीएमआर) चालते. संरक्षित जंगलात गोचिडी गोळा करायच्या तर वन विभागाची स्वतंत्र परवानगी लागते. हे सारे केवळ नमुने परदेशी गेल्यामुळे लागते असे नाही. सहमार्गदर्शकांचे नाव प्रस्तावात कोणत्या भूमिकेत आहे, यावरही ते अवलंबून असते.

परदेशी सहकार्याबाबत आपल्याकडे इतकी सावधगिरी का, याला इतिहास आहे आणि गंमत म्हणजे तो याच रोगाशी जोडलेला आहे. सुरुवातीला हा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचा वाटल्याने तो स्थलांतरित पक्ष्यांनी आणला असावा, अशी शंका घेतली गेली. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (बीएनएचएस), सलीम अली यांच्या नेतृत्वाखालील, पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून स्थलांतर अभ्यासण्याचा प्रकल्प 1959 मध्ये उभा राहिला. पुढे त्याला अमेरिकी लष्कराशी संबंधित संस्थेकडून पैसा मिळाल्याचे प्रकरण गाजले आणि 1970 च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत पोहोचले. पक्ष्यांवरचे काम मोलाचे होते याबद्दल दुमत नाही, पण नमुने कोणाचे, ते कोणाकडे जाणार आणि कशासाठी, हे प्रश्न तेव्हापासून आपल्या यंत्रणेच्या स्मरणात पक्के बसले आहेत. आपल्या सहमार्गदर्शकांना हे समजावून सांगावे. ते लाल फितीला दोष देत असतील तर विशेषच.

माझे मत विचाराल तर रक्ताऐवजी गोचिडींची पाहणी करावी. पांढरे फडके जमिनीलगत ओढायचे, ठराविक अंतरानंतर त्यावर चढलेल्या गोचिडी मोजायच्या, आणि हेच बागेत, जंगलात व दोहोंच्या सीमेवर एकाच आठवड्यात करायचे. विषाणू न तपासताही गोचिडी कुठे आणि केव्हा अधिक आहेत हे कळते. फडके ओढणाऱ्यांनी अंगभर कपडे, बूट आणि बचावाचे तेल याबाबत हयगय करू नये, आणि उद्रेक चालू असलेल्या गावात त्या काळात जाऊच नये. गोठ्यांचीही नोंद ठेवा, कारण प्रौढ गोचिडी गुरांवर पोसल्या जातात. गुरे विषाणूचा मोठा साठा नसली तरी गोचिडींची संख्या वाढवतात.

निरभ्र

साकव आणि अणुरेणू, दोघांचेही मनापासून आभार. बांबोळीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. लसीबद्दल एक शंका राहून गेली. कर्नाटकात वर्षानुवर्षे लस दिली जात होती. रक्तनमुने घेतले असते तर लसीमुळे आलेली प्रतिपिंडे आणि संसर्गामुळे आलेली प्रतिपिंडे वेगळी कशी ओळखली असती? आमच्या भागातील काही मजूर हंगामापुरते कर्नाटकातूनही येतात.

चौकटीबाहेर

मी ब्रिटनमध्ये रोगप्रसाराच्या संख्याशास्त्रावर काम करतो, मूळचा कोल्हापूरचा. लसीबाबतची आपली शंका बरोबर आहे. ती लस निष्क्रिय केलेल्या विषाणूची होती. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, पुढे सहा ते नऊ महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी वर्धक मात्रा असा तिचा क्रम होता. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातील अभ्यासात दोन मात्रांचा परिणाम सुमारे 62 टक्के आणि वर्धक मात्रेसह सुमारे 83 टक्के आढळला होता. 2022 मध्ये तिचा वापर थांबला, पण आधी लस घेतलेल्या मजुराच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर नेहमीच्या चाचणीवरून त्यांचे कारण सांगणे अवघड आहे. त्यात डेंग्यू वगैरे त्याच कुळातील विषाणूंच्या प्रतिपिंडांची गल्लत होण्याची शक्यता मिळवा.

यापेक्षाही मूलभूत अडचण अशी की आयजीजी, म्हणजे संसर्गानंतर दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे सापडली तरी संसर्ग कोणत्या महिन्यात आणि कोणते काम करताना झाला हे त्यातून कळत नाही. आपला प्रश्न ‘केव्हा आणि कुठे’ हा आहे. रक्तपाहणी ‘कधीतरी झाला होता का’ याचे उत्तर देते. म्हणून रक्त वगळल्याने आपला अभ्यास कमकुवत होत नाही, उलट प्रश्न आणि साधने यांचा मेळ बसतो. रोगाचा एकूण किती प्रसार नोंदींतून निसटतो हे मोजायचे असते, तर माझे उत्तर वेगळे असते.

नोंदींवर आधारित अभ्यासाचे धोके मात्र कमी लेखू नका. मेलेले माकड रस्त्याजवळ पडले तर कळते, आत खोल जंगलात पडले तर कळत नाही. त्यामुळे नकाशावर जोखीम रस्त्यांच्या कडेनेच दिसू लागते. रस्त्यापासूनचे अंतर आणि आरोग्य केंद्रापासूनचे अंतर हे दोन घटक संख्याशास्त्रीय प्रतिमानात (मॉडेलमध्ये) धरलेच पाहिजेत. बेंगळुरूची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था आणि ब्रिटनचे सेंटर फॉर इकॉलॉजी अँड हायड्रॉलॉजी यांनी इतर भारतीय संस्थांसह पश्चिम घाटातील माकडतापाच्या जोखमीचे नकाशे आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन विभागांच्या कर्मचाऱ्यांशी बोलून तयार केले होते. त्यांनी कोणते घटक घेतले हे पाहून ठेवा, आणि ते काम सहमार्गदर्शकांनाही दाखवा. रक्ताचा थेंबही न घेता लिहिलेला शोधनिबंध चांगल्या नियतकालिकात येऊ शकतो हे त्यांना पटेल.

निरभ्र

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. रक्तनमुने आराखड्यातून वगळते आणि त्यांच्या जागी गोचिडींची तुलनात्मक पाहणी व कामाच्या दिनदर्शिकेबद्दलच्या मुलाखती घालते. सहमार्गदर्शकांकडे नमुन्यांऐवजी उपग्रहचित्रांच्या विश्लेषणाचा भाग सोपवावा, असे सुचवणार आहे. छाननी समितीचा प्रस्ताव तरीही लागेल, असे गृहीत धरूनच वेळापत्रक आखते.

एकच प्रश्न उरतो. गोव्यात उपचार घेतलेल्या सिंधुदुर्गातील रुग्णांची नोंद नाव न कळता मिळवता येईल का? एखाद्या वाडीत एकच रुग्ण असेल, तर नाव काढून टाकले तरी गावात सर्वांना ती व्यक्ती कोण हे कळणारच.

साकव

व्यक्तिनिहाय यादी मागूच नका. पुण्यातील राज्य सर्वेक्षण कार्यालय आणि गोव्याचे आरोग्य संचालनालय या दोन्हींकडे विद्यापीठाच्या पत्रासह आणि नैतिकता समितीच्या मान्यतेसह अर्ज करा. गावाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रानुसार आणि तारखेऐवजी आठवड्यानुसार रुग्णसंख्या मागा. दोन्हीकडे नोंदला गेलेला एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये, म्हणून जुळवणी त्यांच्याच कार्यालयात त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी करावी आणि आपल्याला केवळ एकत्रित आकडे द्यावेत, असे अर्जात स्पष्ट लिहा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आधी प्रत्यक्ष भेटा आणि अर्जाची प्रत त्यांनाही द्या. ही भेट ऑक्टोबरपूर्वी उरकावी, कारण डिसेंबर उजाडला की त्या कार्यालयात कोणालाही बसून बोलायला वेळ नसतो.